सळई थंड आहे

ता. १४, सोमवार

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला जे जे विचारतात, तब्येत कशी, झोप लागते का, खोकला गेला का, ते सगळं मी विचारलं असं धरून चाला. उत्तरं मला मिळतात. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर रोज सकाळी येतो आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्ही सायकल दुरुस्तीवाल्याच्या माडीवर राहता, दूध केंद्रावर कॅन धुता, पुढचे दोन दात पडले आणि तंबाखू सोडलात, एवढं मला न विचारता कळलेलं आहे. दातांचं खरं मानलं. तंबाखूचं मानलं नव्हतं.

चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज ही कुठून उगवली, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या.

अक्षर ओळखलं असेलच. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही सांगा, मी लिहून देते." म्हटलं, नको, माझं धुणं मी धुते. या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा अंगठा उठवत होते. तुम्ही नऊ वर्षांचे. शाळेतून आलात की दप्तर न टाकता मला पाटीपुढे बसवायचात आणि चुकलं की गुरं हाकायची काठी जमिनीवर आपटायचात. एवढासा मास्तर आणि केवढा तोरा! तर जे शिकवलंत ते आता भोगा. एवढं लिहीपर्यंत पेन्सिलीची दोन टोकं मोडली. हल्ली किती जोरात धरली तेच कळत नाही.

इकडचं असं. उन्हाळा उतरणीला लागला. सकाळचं दव नऊ वाजेपर्यंत हलत नाही आणि दुपारी ऊन असं की माश्यासुद्धा सावलीला येऊन बसतात. दुसरी कापणी झाली. तुमच्या पुतण्याने खालचं कुरण तीन दिवसांत कापलं, उलटंपालटं केलं, आणि चौथ्या दिवशी आभाळ भरून आल्यावर घाई केली. मी म्हटलं, अजून एक ऊन खाऊ दे गवताला. तर म्हणे, "आई, पाऊस आला तर सगळंच कुजेल." मुलगा माझा, पण घाई तुमच्या दादांची. भरलं सगळं शेडमध्ये. पाऊस आलाच नाही, हे सांगायला नकोच.

गंजीवर उभं राहून गवत तुडवायचं काम आता सूनबाईकडे. तुम्ही तुडवायचात तेव्हा गंजीचे कोपरे असे उठायचे की पेटी ठेवल्यासारखं वाटे. ही तुडवते ती फुगलेली उशी होते. बोलले तर म्हणते, "आई, गाईंना ते खायचंय, त्यावर झोपायचं नाहीये." कानामागून आली आणि तिखट झाली. पण कामाला वाघीण आहे. तिच्यासमोर म्हणत नाही, तुम्हाला सांगते.

पाच वासरं आयांपासून तोडली. तीन दिवस नुसता हंबरडा. इकडून वासरं, तिकडून गाया, मधे आम्ही. नात कानात कापूस घालून फिरत होती. मला विचारते, "आजी, यांना विसर कधी पडतो?" म्हटलं, तीन दिवसांत. गुरं आपल्यापेक्षा शहाणी असतात.

ढमी गाय आटवायला घेतलीय, दोन वेळांचं दूध आता एकच वेळ काढतो. खुरं तासायचा चिमटा मोडला, तुम्ही तो तारेने बांधून चालवायचात, तशी तार कुणाला बांधता येत नाही. नकटीच्या पाडीला यंदा पहिलं वासरू झालं. त्याचंही नाक बसकंच आहे.

नकटीचं नाव निघालं म्हणून लिहिते. नाहीतर या घरात ते कुणी काढत नाही. नवीन शेड जुन्याच जागी बांधली, पत्र्याची. पण मागची दगडी भिंत तीच आहे आणि तिच्यावरचा काळा डाग चुना लावूनही दोन महिन्यांत परत वर येतो. नकटी आणि दोन वासरं ज्या कोपऱ्यात होती तो कोपरा रिकामाच ठेवलाय. तिथे फावडी ठेवतो.

तुम्ही आगीतून सहा जनावरं ओढून काढलीत, भुवया जाळून घेतल्यात, ते कुणी विसरलेलं नाही. नंतर हौदापाशी मी चार माणसांदेखत जे बोलले तेही कुणी विसरलेलं नसेल.

एक विचारायचं होतं. वाद घालायला नव्हे. त्या दिवशी जेवण झाल्यावर रोजच्यासारखे तुम्ही शेडमागे सिगारेट ओढायला गेलात. ती कुठे विझवलीत? आठवतं तेवढं लिहा. मला खूश करायला लिहू नका.

आणखी एक राहिलं. आठ दिवसांपूर्वी गंजी पुरी उपसावी लागली. आतून तापली होती, मधलं गवत तपकिरी झालेलं आणि वाफ अशी की चष्म्याला काही दिसेना. वेळेवर कळलं म्हणून वाचलो. कसं कळलं ते पुढे कधीतरी.

बाकी ठीक.

घरची सगळी


ता. २३, बुधवार

भाऊजी,

कार्ड पोचलं. चारच ओळी, तरी ड्रायव्हरने वाचल्या असणार, कारण ते देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि हवेबद्दल बोलला. तो हवेबद्दल बोलला की समजावं, काहीतरी लपवतोय.

तुम्ही लिहिलंत, "वहिनी, मला वाटतं हौदाच्या पाण्यात बुडवून टाकली. पण चार वर्षं तेच तेच आठवून आता खात्री राहिली नाही. तुम्ही म्हणालात त्या अर्थी माझ्याच हातून झालं असेल. नकटी अजून डोळ्यांसमोर येते."

मी ते कार्ड पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि दूध काढायला गेले. ढमीने लाथ मारली. बरं केलं.

तुम्ही लहानपणापासून असेच. मी म्हटलं पाटी चुकली, तर बरोबर असलेलं पुसून टाकायचात. मास्तर तुम्ही आणि पुसायचात तुम्हीच! आता मी काय लिहिते ते नीट वाचा, आणि ड्रायव्हर वाचत असेल तर त्यानेही वाचावं.

सळई तुम्हाला ठाऊक आहे. गंजी भरली की छातीएवढी आत खुपसायची, एका गाईची धार काढून होईपर्यंत ठेवायची, मग ओढून काढून मुठीत धरायची आणि दहापर्यंत मोजायचं. दहा झाले तर गंजी शांत. दहाच्या आत हात सुटला तर ओलसर गवत आतून तापलंय, ते आपोआप पेटायच्या आत गंजी उपसायची, मग जेवण असो नाहीतर पाहुणा असो. सासूबाई गेल्या तेव्हापासून ती सळई माझ्या हातात आहे. तुमच्या दादांनीसुद्धा, होते तोवर, कधी मागितली नाही. का मागतील? माझ्या हाताची ख्याती होती. चुलीवरची पातेली मी फडकं न घेता उतरवायची, उकळत्या पाण्यातले बटाटे तसेच सोलायची. तुम्ही गमतीने म्हणायचात, "वहिनींच्या हाताला नाल ठोकली तरी कळायचं नाही." मी फुशारून जायची.

यंदा गंजी भरून तीन आठवडे झाले होते. मी सळई काढली. सूनबाई शेजारी उभी. मी मुठीत धरली, दहापर्यंत मोजलं, सावकाश मोजलं, आणि म्हटलं, "थंड आहे. घे, ठेव खुंटीला."

तिने घेतली आणि किंचाळून टाकली. भाऊजी, सळई फरशीवर पडल्यावर तिच्याखालची काडी काळी पडली. सूनबाईच्या तळव्यावर लाल रेघ उठली होती. मी म्हटलं, "नाजूक गं बाई तुझे हात!" तोंडाला सवय आहे, निघून जातं. तिने माझा हात धरला आणि उलटा केला. माझ्याही तळव्यावर तीच रेघ होती. तिची आग होत होती. माझी होत नव्हती.

तेवढ्यात गवताचा वास आला. त्या वासाबद्दल पुढे लिहिते, तेच अवघड आहे.

मग सूनबाई काय ओरडली ठाऊक आहे? दारात जाऊन नवऱ्याला हाक मारली, "अहो, लवकर या! आईंना सळई गरम लागली, गंजी उपसायला हवी!"

आईंना गरम लागली! दहा वर्षं मी तिच्या प्रत्येक कामाला नाव ठेवलं. तिला माझी मान मुरगळायची आयती संधी आली होती, आणि तिने ती माझ्यावरून ओवाळून टाकली. दुपारभर आम्ही गंजी उपसली. ती एका हाताने उपसत होती, दुसऱ्याला ओलं फडकं. संध्याकाळी तुमचा पुतण्या जेवताना म्हणाला, "आईचा हात म्हणजे हात! या वयात!" नातीने टाळ्या वाजवल्या. मी काय केलं? बटाटा खाल्ला. गप्प राहून बटाटा खाल्ला, भाऊजी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मला आणि सूनबाईलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तिने मला जबरदस्तीने डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी डोळे मिटायला लावले. मी मिटून बसले. बराच वेळ झाला म्हणून विचारलं, "टोचताय कधी?" त्या म्हणाल्या, "सहा वेळा टोचून झालं, आजी." मग विचारलं, हे कधीपासून? म्हटलं, दोन-चार महिने. त्यांनी माझी बोटं उलटीसुलटी करून जुने डाग पाहिले, एकेका डागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे दोन-चार महिन्यांचं नाही. पाच-सहा वर्षांचं तरी आहे. तुम्हाला भाजलेलं कळतच नव्हतं."

पाच-सहा वर्षं. आगीला झाली चार. हा हिशोब करायला शाळा लागत नाही.

आणि आगीच्या आदल्या वर्षी माझ्या हातावर उकळतं दूध सांडलं होतं, तेव्हा पट्टी कुणी बांधली? तुम्ही. फोड बघून तुमचाच चेहरा वाकडा झाला. "वहिनी, दुखत नाही?" मी म्हटलं, "रडायला मी काय तुमच्यासारखी आहे?" अख्ख्या घराला हसवलं. तुमच्या हातात तेव्हाच सगळा पुरावा होता आणि मी त्याची चेष्टा केली.

आता वासाचं. हे लिहायला बसले ती काल, उठले, कोंबड्यांना दाणे टाकले, परत बसले, परत उठले. आज लिहितेच.

आगीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही शेडमधून आलात आणि म्हणालात, "वहिनी, गवताला गोडसर वास येतोय. साखर जळल्यासारखा." मी म्हटलं, "तुमच्या खिशातल्या तंबाखूचा असेल." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग म्हणालात, "सळई एकदा मला द्या ना, मी बघतो." मी काय म्हटलं ते तुम्ही विसरला असाल तर मी विसरले नाही. मी म्हटलं, "चाळीस वर्षं माझ्या हातावर घर चाललं, आज तुम्हाला शंका आली होय?" मी सळई मुठीत धरून तुमच्यासमोर दहापर्यंत मोजलं. थंड आहे म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तुम्ही शेडमागे गेलात, आणि तासाभरात शेड पेटली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. धावत आलेले सगळे म्हणाले, तंबाखूचा वास येतोय. ड्रायव्हरही म्हणाला. मीही म्हटलं. भाऊजी, यंदा मी त्या तपकिरी गवतात नाक खुपसून हुंगलं. तापलेल्या गवताला तंबाखूसारखाच वास येतो. हुबेहूब. तुम्ही ज्या वासाची खबर दिलीत, त्याच वासाने तुम्हाला गुन्हेगार ठरवलं.

तुम्ही नाही जाळलीत शेड. सिगारेट हौदात बुडवलीत, तुमची पहिली आठवण बरोबर होती. ती पुसू नका.

चूक माझी. लिहिलं बघा. टोक मोडलं नाही.

सही करत नाही. अजून हे फक्त कागदावर आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि न सांगता सही कसली?


ता. २९, मंगळवार

भाऊजी,

तुमचं उत्तर आलेलं नाही. नको होतं. हे पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून सकाळीच लिहायला बसले.

रविवारी जेवताना सांगितलं. आधी सूनबाईला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "मी आज सांगणार आहे." ती म्हणाली, "काय?" म्हटलं, "वेड पांघरू नकोस." तर ती भांडं घासत म्हणाली, "आई, तुम्ही नाही सांगितलंत तरी माझ्याकडून कधी निघणार नाही." म्हटलं, "म्हणूनच सांगायचंय. तुझ्या उपकाराखाली मरायची माझी इच्छा नाही." हसली. तिचे दात चांगले आहेत, मी कधी नीट पाहिले नव्हते.

मग ताटावर सांगितलं. सळईपासून नकटीपर्यंत, एका दमात. मधे थांबले असते तर परत सुरू झाले नसते. नातीने विचारलं, "म्हणजे धाकट्या आजोबांनी आग नाही लावली?" म्हटलं, नाही. "मग ते का गेले?" म्हटलं, मी घालवलं म्हणून. तिने बापाकडे पाहिलं. पोरं फार वाईट जागी बघतात.

तुमच्या पुतण्याने ताट सरकवलं. मग म्हणाला, "आई, मी दूध केंद्रावर दर आठवड्याला जातो. काका समोर दिसले की मी कॅनच्या आड होतो. चार वर्षं." माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. उठला, हात धुतला आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने ठोकाठोकी ऐकू आली. जाऊन पाहिलं तर गोठ्याशेजारची तुमची खोली उघडी. आम्ही तिथे मिठाच्या गोण्या ठेवल्या होत्या. त्याने त्या बाहेर काढल्या होत्या आणि खिडकीची मोडकी झडप बसवत होता. खिळा वाकडा ठोकत होता. मी काही बोलले नाही. बोलले नाही, हे वाचून तुम्ही उडालात ना?

त्याला गाडी काढून त्याच वेळी तुम्हाला आणायला निघायचं होतं. मी अडवलं. म्हटलं, ज्या तोंडाने घालवलं त्या तोंडानेच बोलवायला हवं. फक्त तोंडाला त्याची सवय नाही, म्हणून पेन्सिल.

पण तोंडाचं एक काम राहिलं होतं. काल सकाळी ड्रायव्हर आला तेव्हा त्याला हौदापाशी उभं केलं. त्याच जागी. म्हटलं, "चार वर्षांपूर्वी मी इथे काय बोलले आठवतं?" तो म्हणाला, "आजी, हवा आज जरा..." म्हटलं, "हवा गेली खड्ड्यात! आठवतं की नाही?" म्हणाला, आठवतं. "मग ऐक. शेड गवत तापून पेटली. गवत तापलंय हे मला कळलं नाही, कारण माझा हात मेलेला आहे. भाऊजींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कळलं?" त्याने मान हलवली. म्हटलं, "आता जा आणि वाटेत जितकी दारं लागतील तितक्या ठिकाणी सांग. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या जिभेचा कुणाला उपयोग होऊ दे." तो म्हणाला, "आजी, खरंच सांगू?" जन्मभर न विचारता सांगत आला, आणि आता परवानगी मागतो!

तेव्हा हे पत्र मिळेपर्यंत दूध केंद्रावर सगळ्यांना कळलेलं असेल. लोक तुमच्याशी गोड बोलू लागतील. तेच लोक आहेत हे लक्षात ठेवा. माझ्याबद्दल वाईट बोलले तर बोलू द्या, त्यांना अडवायला जाऊ नका. तुम्ही जाल, म्हणून सांगते.

नकटी आणि वासरं तुमच्या डोळ्यांसमोर येतात म्हणालात. ती आता माझ्याकडे पाठवून द्या. माझी आहेत ती.

कामाचं सांगते, म्हणजे तुम्ही गैरसमजात यायला नको. उपसलेलं गवत चार दिवस उन्हात पसरलं, चांगलं खडखडीत झालं, परत भरलं. तुडवायला यावेळी तुमचा पुतण्या चढला. त्याची गंजी उशीपेक्षाही वाईट. सळई मी रविवारी खुंटीवरून काढली आणि सूनबाईला दिली. तिने ती एकदाच वापरली. मग काल तुमच्या पुतण्याने लांब दांडीचा थर्मामीटर आणला, गवतात खुपसायचा, काटा फिरतो आणि आकडा दाखवतो. नातसुद्धा वाचते. मी चष्मा लावून वाचते. काल संध्याकाळी बत्तीस होता. अगदी शांत.

म्हणजे गंजीसाठी आता कुणाच्या हाताची गरज नाही. खुरं तासायचा चिमटा नवा आणलाय, तारेचीही गरज नाही. दूध काढायला आम्ही तिघं पुरतो. मी विचार करून पाहिला, तुम्हाला बोलवायला एखादं निमित्त सापडतं का. सापडलं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. "भाऊजी, काम अडलंय, या." तुम्ही धावत आला असता आणि मला काही बोलावं लागलं नसतं.

काही अडलेलं नाही, भाऊजी. तुमची इथे कसलीही गरज नाही. गरज नसताना बोलावतेय, एवढं समजून घ्या.

यायचं नसेल तर तसंही लिहा. चार वर्षं म्हणजे काही तीन दिवस नव्हेत, आणि तुम्ही काही वासरू नव्हे. माडीवर तुमचं बरं चाललं असेल, सायकलवाल्याशी जमत असेल. मी पुन्हा विचारणार नाही. रागाने नव्हे. एकदा घालवलं, एकदा बोलावलं, त्यापुढे माझा हक्क नाही.

आलात तर दुपारी या, मागच्या बाजूने. शेडच्या मागे तुमचा ओढायला बसायचा दगड आहे तिथेच आहे, हलवायला कुणाला जमला नाही. तंबाखू खरंच सोडला असेल तर सोडलेलाच बरा. नसेल सोडला तर दगडापाशी पाण्याची बादली भरून ठेवलीय. ती मी रोज बदलते. पाणी थंड आहे की गरम ते मला सांगता येणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

सळई थंड आहे म्हणून सांगणारी,
तुमची वहिनी